आडनाव, भावकी आणि डीएनए

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू आयुष्यभर रक्त तपासलंस, तेव्हा रक्तावरच बोल. फक्त साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर बोलू नकोस, ते आमच्या घरी रोज चालू असतं." म्हणून आज मी रक्ताच्या दुसऱ्या एका तपासणीवर बोलणार आहे. आपली मुलं, पुतणे, भाचे परदेशात आहेत. तिथं ते नळीत थुंकी भरून पाठवतात आणि महिन्याभरात "आपलं मूळ कुठलं" याचा कागद घरी येतो. मग रात्री-अपरात्री आपल्याला फोन येतो. तुमच्यापैकी काहींना असा फोन आला असेल, काहींना येईल. तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं, एवढाच आजचा विषय.

आधी आपल्या वर्गाची हजेरी आठवा. सर "पाटील" म्हणायचे आणि अर्धा वर्ग "हजर" म्हणायचा. शेवटी सरांनी नावापुढं गाव लावायला सुरुवात केली : पाटील वडणगे, पाटील उचगाव, पाटील कसबा बावडा. त्या पाटलांत मराठा होते, जैन होते, लिंगायत होते, एक मुसलमान पाटीलही होता. मीही त्यातलाच एक. आम्हा सगळ्यांचं रक्त एक नव्हतं. एक होती ती आमच्या कुठल्या तरी पूर्वजानं सांभाळलेली गावकी. हे डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आडनावावरून वंश शोधायची ही तपासणी सगळ्यात जास्त रुजली ती स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या लोकांत, आणि तिथून अमेरिकेला गेलेल्या त्यांच्या नातवंडांत. त्याला कारण आहे. मुलाला वाय नावाचं गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं. बापाला त्याच्या बापाकडून. पिढ्यान् पिढ्या ते जवळपास जसंच्या तसं उतरतं, मधूनच एखाद्या जागी बारीक बदल होतो. तिकडं आडनावही बापाकडूनच मुलाला जातं, आणि आयर्लंडमध्ये तर ही पद्धत हजार वर्षांची आहे. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. ओ'नील म्हणजे नीलचा वंशज. आडनाव आणि वाय गुणसूत्र एकाच वाटेनं चालत आलेले दोन सोबती. एक सापडला की दुसऱ्याचा माग लागतो.

ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली हे करून पाहिलं. त्यांनी स्वतःच्याच आडनावाच्या, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या ४८ पुरुषांचे नमुने घेतले. जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकसारखं निघालं. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीचा एकच मूळ पुरुष. उरलेले निम्मे कुठून आले? दत्तक, आईचं आडनाव लावणं, लग्नाबाहेरची संतती, दुसऱ्याचं आडनाव घेणं. दर पिढीला शेकड्यात एखादा, असा हिशेब. पण वीस-पंचवीस पिढ्यांत तो एखादा केवढा होतो पाहा.

स्कॉटलंडमध्ये तर मोठी गंमत झाली. मॅकडोनाल्ड कुळाचा मूळ पुरुष सोमरलेड. तो ११६४ साली लढाईत पडला. कुळाची परंपरा त्याला जुन्या आयरिश राजांशी जोडते. तपासणीत त्याच्या वंशजांची खूण निघाली ती नॉर्वेकडच्या समुद्री लोकांची. शिवाय आज मॅकडोनाल्ड म्हणवणाऱ्या सगळ्यांत ती खूण नाहीच. कारण डोंगराळ मुलखात सरदाराच्या आश्रयाला आलेली कुळं सरदाराचंच आडनाव लावत. आणि स्ट्युअर्ट हे तिथलं राजघराणं, पण शब्दाचा अर्थ राजाचा कारभारी. म्हणजे तेही एका अर्थी आपल्यासारखेच पाटील!

आयर्लंडचं उदाहरण अजून शिकवणारं आहे. २००६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना वायव्य आयर्लंडमधल्या पुरुषांत एक ठरावीक खूण फार मोठ्या प्रमाणात सापडली. तिथल्या दंतकथेतला पाचव्या शतकातला राजा नियाल, त्याचे हे वंशज असावेत, असं त्यांनी सुचवलं. जगभर बातमी झाली. लोकांनी राजाचे वंशज म्हणून प्रमाणपत्रं भिंतीवर लावली. पुढच्या अभ्यासात ती खूण नियालच्या काळाहून जुनी असावी असं दिसू लागलं. इथं एक गोष्ट समजून घ्या. दोन जिवंत माणसांचा धागा कुठं तरी एक होतो का, आणि साधारण किती पिढ्यांमागं, एवढंच ही तपासणी सांगते. त्या धाग्याच्या टोकाला राजा होता की राजाचा मोतद्दार, हे रक्तात लिहिलेलं नसतं. ते नाव आपण चिकटवतो.

आता आपल्याकडं या. आपली आडनावं चार वाटांनी आली. एक हुद्द्याची : पाटील, कुलकर्णी, देसाई, चौगुले, सरनोबत, पोतदार, इनामदार, जमादार. दुसरी गावाची : पन्हाळकर, कागलकर, निपाणीकर. गाव सोडलं की माणूस त्या गावाचा 'कर' होई. दोन भाऊ दोन गावांहून निघाले तर सख्ख्या भावांची आडनावं दोन. तिसरी धंद्याची : लोहार, सुतार, शिकलगार. चौथी कुळीची : मोरे, जाधव, शेलार, चाळके. मोरे म्हणजे मौर्य, जाधव म्हणजे यादव, शेलार म्हणजे शिलाहार, चाळके म्हणजे चालुक्य, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या पन्हाळ्यावर शिलाहार भोज राजा नांदला, त्यामुळे आपल्याला त्यात जास्तच गोडी. नावांचं साम्य आहे, ते जुनंही आहे. पण शिलाहार राजाचं रक्त कुणाकडं ठेवलेलं नाही, मग कुणाचं कशाशी ताडून पाहणार?

आणि बहुतेक घरांचं आडनाव कागदावर पक्कं झालं ते इंग्रजी अमदानीत. जमिनीचे उतारे, कोर्ट, पलटण आणि शाळा यांच्या वह्यांत. गुरुजींनी "आडनाव काय रे?" विचारलं आणि पोराच्या तोंडून जे आलं ते लिहिलं. त्याच्या आधी माणसं ओळखली जात ती कुळीनं, देवकानं आणि वतनानं. लग्न जुळवताना आजही आपण आडनावाआधी देवक विचारतो. पंचपल्लव, कळंब, सूर्यफूल, वेळू. आडनावं वेगळी पण देवक एक असेल तर सोयरीक होत नाही, कारण ते भाऊ. म्हणजे "आपण एका रक्ताचे" हे सांगायची आपली रीत आडनावाची कधी नव्हतीच. ती होती देवकाची आणि भावकीची.

त्यात आणखी एक गोष्ट, आणि ती कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. दत्तक. १८६६ साली छत्रपती शिवाजी महाराज, म्हणजे बाबासाहेब महाराज, यांच्यानंतर गादीवर आले ते राजाराम महाराज. जन्मानं ते पाटणकर, बाबासाहेबांच्या बहिणीचे चिरंजीव. युरोपच्या प्रवासाहून परतताना १८७० साली फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं, तिथं आर्नो नदीकाठी त्यांची छत्री आहे. पुन्हा दत्तक झालं. आणि १७ मार्च १८८४ रोजी तिसरं दत्तक झालं. कागलच्या जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांचे नऊ वर्षांचे चिरंजीव यशवंतराव दत्तक आले, आणि त्यांचे शाहू छत्रपती झाले. वाय गुणसूत्राच्या हिशेबानं घाटगे. धर्मानं, कायद्यानं, कर्तृत्वानं आणि लोकांच्या मनात भोसले. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला, त्यावर कुणी वंशावळ मागितली नाही. वेदोक्ताच्या वादात मात्र त्याच महाराजांना वंश आणि वर्ण विचारला गेला. मागणारे कोण आणि कशासाठी मागतात, यावरही वंशावळीचं मोल ठरतं.

आता घरची गोष्ट सांगतो. घरच्यांना विचारून सांगतोय.

माझा पुतण्या एडिंबरोला असतो. त्याच्या कचेरीतल्या एका मॅकडोनाल्डनं आपला कुळाचा धागा सापडल्याचं मोठ्या कौतुकानं दाखवलं. याला हुरूप आला. यानं वाय गुणसूत्राची ३७ खुणांची तपासणी केली. एकट्यानं करून उपयोग नाही हे त्याला कळलं, म्हणून आमच्याच भावकीतल्या, पुण्याला असलेल्या एका चुलतभावालाही करायला लावली. आमच्या गावात पाटलांची चार घरं, चारही एका आज्याची म्हणून ओळखली जाणारी. निकाल आला. दोघांचा मेळच नाही. थोडाफार फरक असता तर समजलं असतं. इथं झाडच वेगळं.

त्यानं तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. मग एका रात्री मला फोन केला. म्हणाला, "काका, तुम्हाला एक विचारायचंय, पण बाबांना सांगू नका. आपल्या घरात कधी कुणा बाईनं..." आणि तिथंच थांबला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून येईना. तिकडच्या माहितीपत्रकात या प्रकाराला एक सभ्य, शास्त्रीय नाव दिलेलं असतं. मराठीत विचार करायला लागलं की त्याचा अर्थ एकच उरतो, आणि तो येऊन पडतो घरातल्या मेलेल्या बायकांवर. ज्या पणजीचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलेला, तिच्यावर तीन आठवडे तो मुलगा परदेशात बसून मनातल्या मनात खटला चालवत होता.

मी त्याला म्हटलं, "अरे, तुझा पणजोबा दत्तक आहे. हे तुला कुणी सांगितलं नाही?" नव्हतंच सांगितलं. त्याच्या बापाला माहीत होतं, मला माहीत होतं, गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. लपवलं कुणीच नव्हतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. गावाकडच्या आमच्या नव्वदीच्या चुलतीला विचारलं तर ती एका दमात म्हणाली, "आरं, तुझा आज्जा जाधवाचा. आत्याच्या मांडीवर दत्तक आलता." माझ्या आजोबांची आत्या पाटलांच्यात दिलेली. मूल नाही, नवरा गेला, वतन भाऊबंदांकडं जाणार. म्हणून १९१३ साली तिनं भावाचा मुलगा दत्तक घेतला. मोडीतलं दत्तकपत्र आमच्या ट्रंकेत आहे. त्यावर गावच्या पंचांच्या निशाण्या आहेत, भावकीतल्या दोघांच्या साक्षीही आहेत.

पुतण्या शास्त्राचा माणूस. त्याला कागद पुरला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. आजोबांच्या मूळ गावी जाधवांचं घर आहे. तिथल्या एका मुलानं आपणहून नमुना दिला. ३७ पैकी ३६ खुणा जुळल्या. दत्तकपत्र खरं, चुलती खरी, तपासणीही खरी. खोटी होती ती फक्त तीन आठवड्यांची शंका. आणि ती तपासणीनं आणली नव्हती. ती आणली आमच्या न बोलण्यानं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. स्कॉटलंडात आडनाव तपासतात, तर तपासू देत. आपल्याकडं तपासायचीच असेल तर भावकी तपासा, आणि तीही कागद वाचल्यावर. महाराष्ट्रातले सगळे पाटील गोळा करून काढलेला निष्कर्ष म्हणजे भेळ. पण "आपल्या गावची ही चार घरं एक आहेत का", "कोकणातून आलेली म्हणतात ती शाखा आपलीच का", "एकाच देवकाची ही दोन आडनावं मुळात एक होती का", असे नेमके प्रश्न विचारले तर ही तपासणी आपल्याकडंही चोख उत्तर देते.

नेमक्या प्रश्नाचं मोठं उदाहरण आपल्या मराठीतच आहे. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायल. पेणकर, केहिमकर, नवगावकर, रोहेकर अशी त्यांची आडनावं, बोली मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. अलिबागजवळ नवगावला आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि वाचलेल्यांपासून आपण वाढलो, ही त्यांची परंपरा. आडनावं सगळी गावांची, तेव्हा त्यांच्यावरून वंश कळणं शक्यच नव्हतं. २०१६ साली त्यांच्यावरचा एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की त्यांच्यात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा अंश आहे आणि इथल्या लोकांचाही मोठा अंश आहे. ज्यू अंश जास्त करून पुरुषांकडून आलेला, इथला जास्त करून स्त्रियांकडून. दोघांच्या मिसळण्याचा काळ निघाला तो साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांमागचा. गलबताची गोष्ट त्यातून सिद्ध झाली नाही, पण समुद्रापलीकडून कुणी तरी आलं आणि इथल्या लेकींशी संसार केला, हे दिसलं. बापाची वाट दूरची, आईची वाट इथली.

हे आईचं राहूनच जातं. आडनाव एकच वाट दाखवतं. दहा पिढ्या मागं जा, तुमच्या पूर्वजांच्या जागा होतात १०२४. त्यातला आडनावाचा धागा एका माणसाचा. उरलेल्या १०२३ जणांचं काय? मायटोकॉन्ड्रिया नावाचा एक भाग फक्त आईकडून येतो, त्यावरून आईच्या आईच्या आईचा माग लागतो. आपल्याकडं लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, काही घरांत नावही बदलायचे. कागदानं जिला पुसलं, तिची खूण रक्तानं जपली आहे. माझ्या मते या तपासणीतलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हे.

आता जरा नाजूक गोष्ट. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी आपल्या भागातही घरोघरी वंशावळी काढणं चालू आहे, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला आहे. काही जण मला विचारतात, "डॉक्टर, डीएनए करून दाखला मिळेल का?" नाही. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी चालते ती वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या जुन्या नोंदींवर. जात रक्तात सापडत नाही. उच्चपणा तर मुळीच सापडत नाही. हैदराबादच्या सीसीएमबीतले आणि हार्वर्डमधले संशोधक यांनी २०१३ साली मिळून दाखवलं की भारतातले जवळपास सगळे समाज १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळलेले आहेत. नंतर आपण दारं बंद करून घेतली. ज्याला शुद्ध रक्ताचं प्रमाणपत्र हवंय त्यानं पैसे वाचवावेत.

पैशाचं निघालं म्हणून व्यवहाराचंही सांगतो. टक्केवारीचा कागद येतो, "इतके टक्के दक्षिण आशियाई" वगैरे, त्यात आपल्याला फारसं काही मिळत नाही, कारण तुलनेला आपली माणसंच थोडी आहेत. दुसरं, तुम्ही नमुना दिलात म्हणजे तुमच्या भावाची, मुलांची, चुलत्यांचीही माहिती गेली. २३अँडमी या अमेरिकी कंपनीकडून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा भावकीला विचारल्याशिवाय नळी भरू नका. आणि जे निघेल ते पचवायची तयारी नसेल तर मुळीच भरू नका.

त्यापेक्षा आधी तीन कामं करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा : कोण कुठून आलं, कोण दत्तक गेलं, कुणाचं माहेर कुठलं. दुसरं, ट्रंक उघडा. मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात अजून आहेत. संस्थानचे कागद इथल्या पुराभिलेखागारात आहेत, तिथं एकदा जाऊन या. तिसरं, हेळवी. लहानपणी सुगी झाल्यावर नंदीवर बसून येणारा हेळवी तुम्हाला आठवत असेल. कन्नडमध्ये हेळव म्हणजे पांगळा. आपला मूळ पुरुष पांगळा होता, म्हणून बैलावर बसायचं, असं ते सांगतात. तो बही उघडून घराण्याची नावं म्हणायचा आणि आपली आई त्याला पायलीभर जोंधळे घालायची. तेव्हा आपण हसायचो. आमच्या हेळव्याच्या बहीत आजोबांच्या नावापुढं "दत्तक" असं स्वच्छ लिहिलेलं आहे. एडिंबरोला पाठवलेल्या नळीच्या कितीतरी आधीचं.

जाता जाता शाळेला एक विनंती. आपल्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आजही कपाटात आहे. कुणाच्या घरात कोण पहिल्यांदा शाळेत आलं, त्याचं आडनाव काय लिहिलं गेलं, पालक म्हणून बाप होता की मामा, की वसतिगृहाचे रेक्टर, हे सगळं त्यात आहे. दाखल्यासाठी लोक येतात, पानं उलटतात, कडा झडतात. त्याची प्रत्येक पानाची छायाप्रत करून घ्यावी, मूळ पुस्तकं नीट बांधून वाळवीपासून दूर ठेवावीत. त्यासाठी जो खर्च येईल त्यातला पहिला वाटा माझा. दुसरा आमच्या पुतण्याचा, त्यानं तसं कळवलं आहे. बाकीचे पाटील आहेतच. आज गावाचं नाव न लावता सगळ्यांनी एकदम "हजर" म्हणायचं आहे.